वाटाड्या गेला, फोन आला

फोनवरच्या नकाशात नुसतं ‘राळेगण’ एवढंच टाइप करा आणि क्षणभर थांबा. तुम्हाला हवं असतं राळेगणसिद्धी. पण राळेगण थेरपाळही आहे, आणि तेही पारनेर तालुक्यातच. राळेगण म्हसोबा आहे, ते नगर तालुक्यात. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर थेट यवतमाळ जिल्ह्यातलं राळेगाव. फोन यातलं कुठलंही एक निवडून, तितक्याच आत्मविश्वासाने, निळी रेघ आखून देऊ शकतो.

हाच प्रश्न रस्त्यावरच्या माणसाला विचारला, तर तो आधी उलट विचारेल, “कुठलं राळेगण? अण्णांचं का?” आणि मग सांगेल, “शिरूर सोडा, घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. सरळ या आणि वाडेगव्हाण फाट्याला आत वळा.” या उत्तरात अक्षांश-रेखांश नाहीत, किलोमीटरही नाहीत. एक नदी आहे, जिल्ह्याची हद्द आहे आणि एक फाटा आहे. एसटीत वाढलेल्या महाराष्ट्राचे पत्ते असेच असतात. गाव कुठलंही असो, त्याला एक फाटा असतो.

माणसाच्या तोंडातलं हे उत्तर आपल्या खिशातल्या फोनमध्ये कसं जाऊन बसलं, याची ही गोष्ट आहे. ती सांगायचं कारण मात्र ताजं आहे, आणि ते याच जिल्ह्यातलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून काही जण कळसूबाईला निघाले होते. रात्रीची वेळ. फोनवरचा नकाशा लावलेला. अकोले तालुक्यात कोतूळहून अकोल्याकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर त्यांची गाडी थेट पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याने तो पूल बुडालेला होता. बाकीचे पोहून बाहेर आले; गाडी चालवणारा बुडाला. वर्षातले काही महिने तो पूल पाण्याखाली असतो हे आसपासच्या गावांना माहीत होतं. फोनला माहीत नव्हतं.

“फोनवर विसंबू नका, माणसांना विचारा,” असं सांगून लेख इथेच संपवता येईल. पण ते अर्धंच खरं होईल. कारण फोनच्या आधी वाट सांगणारी जी माणसं होती, त्यांचा इतिहास काही गोड नाही.

माणूस हाच नकाशा

जुन्या गावगाड्यात वाट दाखवणं ही हौस नव्हती, ते नेमून दिलेलं काम होतं. आणि ते प्रामुख्याने महार वतनदारांच्या माथी मारलेलं होतं. गावात सरकारी माणूस आला की त्याला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचं, अनेकदा त्याचं ओझंही वाहायचं. निरोप न्यायचे, सारा कचेरीत पोचवताना सोबत जायचं, वेशीवर राखण करायची. गावची शीव कुठून कुठे जाते, कुठला दगड हद्दीचा आणि कुठला नुसताच पडलेला, हे त्यांना माहीत असायचं. दोन गावांत शिवेवरून तंटा झाला तर त्यांची साक्ष महत्त्वाची मानली जायची.

म्हणजे गावाचा नकाशा कागदावर नव्हता, एका माणसाच्या डोक्यात होता. आणि ज्याच्या डोक्यात तो होता, त्याला गावात घर बांधायची मुभा वेशीच्या बाहेर होती. मोबदला म्हणून इनाम जमिनीचा तुकडा आणि बलुतं मिळायचं. काम मात्र दिवसरात्र कधीही, आणि नाही म्हणायची सोय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक मांडलं, ते याच वेठबिगारीविरुद्ध. तेव्हा ते मंजूर झालं नाही. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात व्हायला १९५८ साल उजाडलं.

त्यामुळे “पूर्वी कसे, गावात कुणीही वाट दाखवायचं” असं कुणी हळवं होऊन म्हणालं, तर विचारावं, कोण दाखवायचं? आणि त्याला नाही म्हणता येत होतं का?

याच ज्ञानाची दुसरी बाजू डोंगरात दिसते. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात इंग्रज सत्तेविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध बंड केलं. महादेव कोळ्यांच्या या मुलखातल्या खिंडी, घाटवाटा आणि गुहा त्यांना माहीत होत्या; सरकारी फौजेला नव्हत्या. वर्षानुवर्षं ते हाती लागले नाहीत. पकडले गेले ते आपल्या डोंगरांपासून फार दूर, पंढरपुरात. १८४८ मध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं.

वाट माहीत असणं ही एक ताकद होती. गावात ती ताकद वतनाच्या दावणीला बांधलेली होती, डोंगरात मोकळी होती. राज्य करणाऱ्याला दोन्हीची अडचण. त्याला असा नकाशा हवा होता जो कुणाच्या डोक्यात नसेल, कागदावर असेल आणि दिवाणखान्यात बसून वाचता येईल.

साखळी, त्रिकोण आणि हिंगणघाटची कबर

असा कागद बनवायचं सर्वांत मोठं काम सुरू झालं ते मद्रासजवळ, १० एप्रिल १८०२ रोजी. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेघ मोजली. कल्पना सोपी होती. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. म्हणजे एकदाच एक रेघ अतिशय काटेकोर मोजायची. मग टेकडीवरून टेकडीकडे दुर्बिणीने नुसते कोन मोजत जायचं. एका त्रिकोणाला दुसरा त्रिकोण जोडत अख्खा देश मोजून काढायचा.

कोन मोजायचं यंत्र, म्हणजे मोठं थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचं होतं. ते डोंगरांवर, देवळांच्या शिखरांवर चढवावं लागे. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना ते आदळलं आणि दुखावलं. लॅम्ब्टनने ते स्वतः बसून दुरुस्त केलं. हे ओझं वाहणारे खलाशी, निशाणं धरून टेकड्यांवर उभे राहणारे, रात्री दिवे पेटवणारे लोक मात्र बहुतेक निनावीच राहिले. हिवताप आणि वाघ त्यांच्याही वाट्याला होते.

लॅम्ब्टनला हे काम पूर्ण झालेलं पाहायला मिळालं नाही. जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरकडे जात असताना, तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. ज्याच्या मोजणीच्या पायावर या देशाचे नकाशे उभे राहिले, तो महाराष्ट्राच्या मातीत आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्याचा पत्ता माहीत आहे. पुढे हे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं. जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळालं ते त्याचं.

इकडे खाली, शेताच्या बांधावर, दुसरी एक मोजणी चालू होती. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूरपासून जी महसुली मोजणी सुरू केली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. आज प्लॉटच्या जाहिरातीत आपण जो गुंठा वाचतो, तो त्या साखळीचा चौरस आहे. अशी मापं आपल्या तोंडात राहतात आणि मोजणारे विसरले जातात.

या दोन मोजण्यांतून दोन प्रकारचे नकाशे झाले. गाव नकाशा सांगतो जमीन कुणाची. टोपोशीट सांगतं जमीन कशी: चढ कुठे, उतार कुठे, ओढा कुठून कुठे जातो. पहिल्यावर सारा वसूल करता येतो, दुसऱ्यावर फौज नेता येते. आज आपण ट्रेकला जाताना वापरतो ती दुसऱ्याची नात.

टोपोशीटचा नंबर काढायची एक छान रीत आहे, एकदा करून पाहा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमवारीत ७२ ते ७६ अंश पूर्व आणि १६ ते २० अंश उत्तर हा चौकोन म्हणजे ४७ क्रमांक. त्याचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, त्यांना इंग्रजी अक्षरं. वरून खाली आणि मग पुढच्या ओळीला. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्यांना आकडे. राळेगणसिद्धी साधारण १८.९ अंश उत्तर, ७४.४ अंश पूर्व. हिशेब करा, उत्तर येतं ४७ जे/५. पुणे शहर येतं ४७ एफ/१४ मध्ये. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, असा तो नकाशा.

पण हा नकाशा सहज मिळत नसे. स्वातंत्र्यानंतरही नकाशा म्हणजे लष्करी गुपित ही समजूत कायम राहिली; सरहद्दीजवळच्या आणि किनाऱ्याजवळच्या भागांची शीटं तर सामान्य माणसाला बंदच. ट्रेकर मंडळींच्या आधीच्या पिढीत टोपोशीटची झेरॉक्स ही जपून ठेवायची चीज होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्कराची वेगळी आणि लोकांसाठी वेगळी अशा दोन मालिका केल्या. २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने लोकांसाठीची शीटं वेबसाइटवरून मोफत उतरवून घ्यायची सोय केली. म्हणजे जो कागद मिळवायला एका पिढीला ओळखी लागल्या, तो आता तुमच्या फोनमध्ये मावतो.

राळेगणमध्ये खणलेली रेषा

टोपोशीटवर तपकिरी रंगाच्या वळणावळणाच्या रेषा असतात. शाळेच्या भूगोलात त्यांना समोच्च रेषा म्हणतात. समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा, ही व्याख्या आपण पाठ केली, पाच मार्क मिळवले आणि विसरलो. राळेगणसिद्धीत याच रेषेवर एका गावाचं नशीब फिरलं.

पारनेर हा पर्जन्यछायेतला तालुका. पाऊस कमी, त्यात बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळाने हा सगळा पट्टा होरपळला. अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये गावी परतले, तेव्हा विहिरींना पाणी नव्हतं, पुरेसं धान्य पिकत नव्हतं आणि गावात दारूच्या भट्ट्या होत्या. यादवबाबांच्या देवळाच्या दुरुस्तीपासून लोक एकत्र आले. मग पाण्याचं काम सुरू झालं: गळका पाझर तलाव दुरुस्त करणं, ओढ्यावर नाला बंडिंग, उतारावर झाडं, जनावरांच्या मोकाट चराईला आणि झाडतोडीला बंदी, पाणी जास्त पिणाऱ्या पिकांना आळा.

या सगळ्यामागचं तंत्र एकाच वाक्यात सांगता येतं. पावसाचं पाणी उताराने पळतं, त्याला आडवं व्हा. पण आडवं म्हणजे नेमकं कुठून कुठे? चर जरा जरी तिरका गेला, तर पाणी त्यातूनच पळतं आणि चराचा ओहोळ होतो. म्हणून चर बरोबर समान उंचीवरून जावा लागतो. त्यालाच सलग समतल चर म्हणतात. समोच्च रेषा इथे पुस्तकात राहत नाही. ती कुदळीने खणावी लागते.

आणि ती आखायला उपग्रह लागत नाही. पाणलोटाच्या कामात यासाठी एक साधी पारदर्शक नळी वापरतात. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन मोजपट्ट्यांना बांधायची आणि दोघांनी उतारावर लांब उभं राहायचं. दोन्ही पट्ट्यांवर पाणी सारख्याच आकड्यावर आलं की तुमच्या पायाखालची दोन्ही ठिकाणं एका उंचीची. तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. दुसरं साधन म्हणजे मधोमध ओळंबा सोडलेली लाकडाची ‘ए’ आकाराची चौकट. २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातल्या कितीतरी गावांनी हेच शिकून चर खणले. नगर जिल्ह्यातलंच हिवरे बाजार त्याच्या कितीतरी आधी या वाटेने गेलं होतं.

दोन्ही मोजण्यांचा हेतू मात्र वेगळा होता. इंग्रजांनी मोजणी केली ती दूरच्या माणसाला इथली जमीन कळावी म्हणून. राळेगणसारख्या गावांत झाली ती इथल्याच माणसाला आपल्या जमिनीवरचं पाणी कळावं म्हणून. नकाशा कुणासाठी बनतो यावर त्यात काय दिसतं ते ठरतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आता आपण फोनकडे येतो आहोत.

आकाशातले वाटाडे

२००० हे साल फोनच्या नकाशासाठी मोठं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा जन्म त्याच्या आसपासचा असेल.

त्या वर्षी फेब्रुवारीत ‘एन्डेव्हर’ या अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जगाच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. आज कित्येक ट्रेकिंग ॲपमध्ये दिसणाऱ्या समोच्च रेषा त्या मोजणीतून निघालेल्या आहेत.

मग मे महिना उजाडला. अमेरिकी लष्कराची जीपीएस यंत्रणा तेव्हाही सगळ्यांना उघडी होती, पण नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक घातलेली असे. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. १ मेच्या मध्यरात्री ती चूक बंद करण्यात आली. एका रात्रीत जगभरच्या यंत्रांची अचूकता कितीतरी पटीने वाढली. शंभर मीटरच्या चुकीत तुम्ही खिंडीच्या अलीकडे आहात की पलीकडे ते कळत नाही. दहा मीटरच्या चुकीत कळतं. पुढे भारतानेही स्वतःचे उपग्रह सोडले. २०१३ ते २०१६ या काळात सातांची मालिका पूर्ण झाली आणि तिला नाव मिळालं ‘नाविक’.

यात एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. जागा शोधायला फोनला नेटवर्क लागत नाही. उपग्रह वेळ सांगत असतो. फोन फक्त ऐकत असतो. चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले त्यावरून फोन चार अंतरं काढतो आणि त्यांच्या छेदावर स्वतःला ठेवतो. लॅम्ब्टनने कोन मोजले, फोन अंतर मोजतो. भूमिती त्याच घरातली. घड्याळ सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं, म्हणून उपग्रहात अणुघड्याळ असतं. नेटवर्क लागतं ते मागचा नकाशा उतरवायला. तो घरूनच उतरवून घेतला, तर रेंज गेलेल्या घाटातही निळा ठिपका तुमच्याबरोबर चालतो.

पण ठिपका कुठे आहे हे कळणं आणि कुठून जावं हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वीस मिनिटांचं गणित आणि बुडालेला पूल

१९५६ मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा नावाचा तरुण डच गणिती ॲमस्टरडॅममध्ये खरेदीने दमून एका कॅफेत बसला होता. कॉफी पिता पिता, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत त्याने एक कोडं सोडवलं: दोन शहरांमधला सर्वांत जवळचा रस्ता कसा शोधायचा? आजची ॲप त्याच्या कितीतरी पुढे गेली आहेत, पण विचाराचा पाया तोच आहे.

या गणितात रस्ता हा रस्ता नसतो. प्रत्येक फाटा म्हणजे एक गाठ, दोन फाट्यांमधला रस्ता म्हणजे एक दोरा आणि प्रत्येक दोऱ्याला एक आकडा: किती मिनिटं लागतील. यंत्र गाठीमागून गाठ तपासतं आणि सर्वांत कमी बेरजेची माळ तुमच्यापुढे ठेवतं. वाहतुकीचा अंदाज ते बरेचदा रस्त्यावरून सरकणाऱ्या फोनांच्या वेगावरून घेतं.

आता अकोले तालुक्यातला तो पूल आठवा. यंत्राच्या लेखी तो एक दोरा होता. उन्हाळ्यात तिथून गाड्या जात होत्या, म्हणजे दोरा खराच होता. धरणाचं पाणी आलं तेव्हा तो दोरा कुणीतरी तोडायला हवा होता. तो कुणी तोडायचा? पुण्यामुंबईत रस्ता तुंबला तर हजारो फोन एकदम मंदावतात आणि नकाशा लाल होतो. आडबाजूच्या रस्त्यावर रात्री एकही फोन नसतो. रिकामा रस्ता आणि बुडालेला रस्ता यंत्राला दुरून सारखेच दिसू शकतात. दोन्हींवर कुणी थांबलेलं नाही.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही आणि एकदाच झालं असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघं गेले. तिथेही चर्चा फोनच्या नकाशाचीच झाली.

अकोल्याच्या दुर्घटनेनंतर पुढच्याच महिन्यात, १५ फेब्रुवारी २०२१ रोजी, केंद्र सरकारने नकाशे बनवण्यावरची बहुतेक बंधनं उठवली. भारतीय संस्थांना आणि कंपन्यांना आता त्यासाठी आधी परवानगी मागावी लागत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण शेजारी ठेवून पाहिल्या की एक प्रश्न उभा राहतो. नकाशा बनवायला आता सगळे मोकळे आहेत. तो ताजा ठेवायची जबाबदारी कुणाची?

वतनाच्या काळात ही जबाबदारी एका माणसावर लादलेली होती आणि ते अन्यायाचं होतं. तो माणूस सुटला, बरं झालं. मग सरकारने कागद केला. पण कागद वर्षानुवर्षं बदलत नाही. आता नकाशा यंत्राकडे आहे. वाट दाखवायचं काम यंत्राने उचललं, पण “थांबा, पुढे पाणी आहे” हे सांगायचं काम मधल्या मध्ये गळून पडलं. ते आता कुणाचंच वतन नाही.

मग निघायचं कसं?

हरिश्चंद्रगडाचं उदाहरण घेऊ. गड अकोले तालुक्यात, पण वाटा तीन जिल्ह्यांतून येतात. नगर जिल्ह्यातल्या पाचनईतून एक, पुणे जिल्ह्यातल्या खिरेश्वरहून टोलार खिंडीतून दुसरी आणि ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्यातून नळीची वाट. नकाशात नुसता ‘हरिश्चंद्रगड’ टाकला तर फोन तुम्हाला कुठल्या पायथ्याशी नेईल ते त्याच्या हिशेबावर. बेलपाडा सरळ रेषेत गडाच्या अगदी जवळ आहे. फक्त मध्ये कोकणकडा उभा आहे. म्हणून आधी गड नाही, पायथ्याचं गाव टाकायचं.

मग समोच्च रेषा पाहायच्या. रेषा लांब लांब, तर चाल सोपी. एकमेकींना चिकटल्या, तर उभा चढ. पण लक्षात ठेवा, जगभर मोफत मिळणारी उंचीची ती मोजणी ३० मीटरच्या चौकोनांत आहे. प्रत्येक चौकोनाला एकच उंची. उभा कडा त्यात चेपून नुसता तीव्र उतार होतो. नकाशावर “जमेल” असं वाटणारी उतरण प्रत्यक्षात कडा असू शकते.

वेळेचा हिशेबही स्वतः करावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक अंदाज दिला, तो अजून चालतो: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. बारी गावातून १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईला जाताना चढच सुमारे आठ-नऊशे मीटरचा आहे. अंतर पाहून “तासाभरात होईल” म्हणणारे दुपारच्या उन्हात सापडतात ते इथेच.

डोंगरातल्या पाऊलवाटा फोनवर येतात त्या आधी चालून गेलेल्यांच्या नोंदींतून. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशात कुणीही वाट आखू शकतं. पण एखादा चुकून ढोरवाटेला लागला असेल, तर त्याची चूकही रेघ होऊन राहते आणि पुढचे दहा जण तिच्यामागे जातात. गुरांना कड्यावर जायचं नसतं, त्यामुळे ढोरवाट मध्येच कुठेतरी झुडपात संपते. फोनवरची रेघ तशीच पुढे जाते.

तेव्हा ऑफलाइन नकाशा, भरलेली बॅटरी, विमान मोडवर टाकलेला फोन हे सगळं ठीकच. पण दोन गोष्टी त्याहून मोठ्या आहेत. पहिली, परतल्यावर नोंद करायची. पूल बुडालेला दिसला, वाट ढासळलेली दिसली, तर नकाशात कळवायचं. त्याला दोन मिनिटं लागतात. पूर्वी एका जातीवर लादलेलं काम आपण सगळ्यांनी थोडं थोडं वाटून घेतलं, तर ते वेठ राहत नाही.

दुसरी गोष्ट गावांनी करण्याची. ज्या गावांनी नळीत पाणी भरून डोंगराच्या उतारावर मैलोन्‌मैल रेषा आखल्या, त्यांच्या ग्रामपंचायतीला आपल्या हद्दीतला कुठला फरशी पूल कुठल्या महिन्यात बुडतो हे नकाशात टाकणं अवघड नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना एक फलक आणि फोनमध्ये एक खूण. चर आखण्यापेक्षा हे काम कितीतरी सोपं आहे.

आणि तोवर, फाट्यावर गाडी थांबवून काच खाली करायची. चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी असतंच. वाट विचारायची गरज नाही, ती फोनला माहीत आहे. आणि सांगणाऱ्याला आता नाही म्हणायची मोकळीक आहे, त्यामुळे विचारताना नीट विचारायचं. “काका, पुढे पाणी आहे का?”